निजतील तिथे मोजावे

२०११च्या फेब्रुवारीत लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत, मी एका म्हातारीच्या खाटेवर बसून जनगणनेचं पत्रक भरत होते. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पत्रक, आणि पत्रकावर सांडेल म्हणून एका हाताने सांभाळलेला चहाचा कप. खोली दहा बाय बारा. "घरात माणसं किती?" विचारलं तर म्हातारीने बोटांवर मोजून सहा सांगितली. ती, म्हातारा, धाकटा, धाकट्याची बायको, नात आणि थोरला. थोरल्यापाशी आल्यावर कळलं की तो नालासोपाऱ्याला राहतो. परळच्या एका कचेरीत शिपाई. दुपारी जेवायला आईकडे येतो, संध्याकाळी बापाला दवाखान्यात नेतो, गणपतीची वर्गणी इथल्याच मंडळाच्या पावतीपुस्तकावर फाडतो आणि रात्री साडेनवाच्या सुमाराला विरार गाडी पकडतो.

"आजी, थोरल्याचं नाव इथे नाही यायचं. तिकडे मोजतील त्यांना."

"थंय कित्याक?" म्हातारी भडकलीच. "तो थंय फकस्त निजता गो बाय. ऱ्हवता हंयच."

मी नियम समजावला. माणूस जिथे राहतो तिथे मोजायचा, आणि राहतो म्हणजे रात्री निजतो. म्हातारीला तो पटला नाही. खरं सांगायचं तर मलाही तो तेव्हा पहिल्यांदाच विचित्र वाटला. थोरल्याच्या नावावर काट मारली, आकडा सहाचा पाच केला आणि पुढच्या खोलीत गेले.

दोन दिवसांनी डोंबिवलीला घरी पोहोचले तर सासूबाई म्हणाल्या, "आज तुझ्यासारखीच एक बाई आली होती पुठ्ठा घेऊन. तुझं नाव लिहून घेऊन गेली." म्हणजे मी लालबागमध्ये दुसऱ्यांना मोजत असताना डोंबिवलीत कुणीतरी मला मोजलं होतं. माझा जन्म लालबागचा, शाळा लालबागची, नोकरी परळची, पगार मुंबई महापालिकेचा. हिशेबात मात्र मी कल्याण-डोंबिवलीच्या १२ लाख ४७ हजारांतली एक. मीही तिथे फक्त निजतेच की.

जनगणना आणि निवडणूक ही दोन कामं शिक्षकाच्या पत्रिकेतच असतात. आम्ही कुरकुरतो, प्रशिक्षणाला जाऊन डबे खातो आणि शेवटी करतो. एकेका प्रगणकाच्या वाट्याला सहाशे ते आठशे माणसं येतात. शेवटच्या आठवड्यात रात्री झोपेतही "जन्मस्थान? याआधीचं राहण्याचं ठिकाण? स्थलांतराचं कारण?" असे प्रश्न ऐकू यायचे.

पुढे आकडे जाहीर झाले तेव्हा ते मी वर्तमानपत्रातून कापून ठेवले. बृहन्मुंबई १ कोटी २४ लाख. दहा वर्षांतली वाढ चार टक्क्यांनाही पोहोचलेली नाही. आणि जुनी मुंबई, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा मुंबई शहर जिल्हा, तो तर चक्क आटला होता: २००१ साली ३३ लाख ३८ हजार, २०११ साली ३० लाख ८५ हजार. अडीच लाख माणसं गेली. मेली नव्हती, निजायला दुसरीकडे गेली होती. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगून १ कोटी १० लाखांवर गेला आणि देशातला सगळ्यात जास्त लोकवस्तीचा जिल्हा ठरला. २०१४ साली त्यातून पालघर वेगळा काढावा लागला.

"मुंबईत माणसांचे लोंढे येतात, शहर फुटायला आलंय" असं दर दुसरा माणूस म्हणतो. लोंढे हा शब्द वापरणाऱ्याला मी हल्ली एकच विचारते, तुमचे आजोबा कुठल्या लोंढ्यातून आले?

माझे आले संगमेश्वर तालुक्यातून. आगबोटीने, भाऊच्या धक्क्यावर उतरून, डोक्यावर वळकटी. त्या काळी मुंबईत जन्मलेला मुंबईकर हा दुर्मीळ प्राणी होता. १९२१च्या गणनेत शंभर मुंबईकरांतले जेमतेम सोळा जण शहरात जन्मलेले निघाले, बाकी सगळे आलेले. त्या आलेल्यांत रत्नागिरीवाल्यांचा भरणा सर्वांत मोठा. गावाने मुंबईत एक खोली धरलेली असायची, गावकीची खोली. तिच्यात वीस-पंचवीस गडी. ट्रंका भिंतीला लावलेल्या, वळकट्या दोरीवर टांगलेल्या. एकाच जागेवर दिवसपाळीवाला रात्री निजायचा आणि रातपाळीवाला दिवसा. जागा थंड होत नसे, असं आजोबा सांगायचे. अशा खोलीत मोजणीला मास्तर आला तर त्याने काय लिहिलं असेल? अर्धे गडी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, अर्धे घोरत.

आणि बायका गावाला. शेत, गुरं, म्हातारी माणसं त्यांच्या गळ्यात, महिन्याला मनीऑर्डर. या व्यवस्थेचा मागमूस अजून पुसलेला नाही. २०११मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. ही दोन आकड्यांची जोडी एकत्र वाचली की एक फाटलेलं धोतर दिसतं, ज्याचा एक तुकडा इकडे आणि एक तिकडे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या त्या दशकात घटली. आमच्या वाडीत चौदा घरांपैकी नऊंना कुलूप असतं. गणपतीत कुलपं निघतात, अनंत चतुर्दशीनंतर परत लागतात. मुंबई वाढली ती कोकण वजा करून, आणि आता मुंबई शहर आटतंय ते ठाण्यात बेरीज करून. बेरीज-वजाबाकी मी जवळजवळ पस्तीस वर्षं चौथीच्या मुलांना शिकवली. हातचा कुठे जातो, हे मात्र तीत सांगता येत नाही.

शहर आटण्याचे प्रसंग याआधीही आलेत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. १८६४ साली शहराची मोजदाद झाली ती ८ लाख १६ हजार. लढाई थांबली, कापूस कोसळला, बँका बुडाल्या, प्रेमचंद रायचंदांसारखा शेअरबाजाराचा राजा धुळीला मिळाला, आणि १८७२च्या गणनेत शहरात माणसं भरली ६ लाख ४४ हजार. पैसा आटला तशी माणसंही ओसरली. पुढे गिरण्या वाढल्या तशी ती परत आली. मग १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला. लोक बोटींनी, आगगाड्यांनी, पायी पळाले. १८९१ साली ८ लाख २१ हजार असलेलं शहर १९०१मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आलं होतं.

२०२०च्या मे महिन्यात टीव्हीवर नाशिक महामार्गाने चालत निघालेली माणसं बघताना मला हेच आठवत होतं. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, कसाऱ्याचा घाट. फरक इतकाच की प्लेगच्या वेळी पळालेल्यांची पुढच्या गणनेत निदान नोंद तरी झाली. २०२१ची जनगणना झालीच नाही. त्या उन्हात कोण गेलं, कोण परत आलं, याची मोजदाद आपल्याकडे नाही.

आता आईची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख मला पुढे ढकलताच येणार नाही.

वडील साचेवाले. आई खाणावळ चालवायची. चालवायची म्हणजे काय, पाटी नव्हती, दुकान नव्हतं. आमच्याच दहा बाय बाराच्या खोलीत चौदा मेंबर जेवायचे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी, अशा तिन्ही पाळ्यांची वेगवेगळी ताटं. आई पहाटे चारला स्टोव्ह पेटवायची आणि रात्री बारानंतर शेवटचं ताट घासायची. गिरणीचा भोंगा झाला की आमटीला फोडणी, असा आमच्या घरचा वेळ. बुधवारी सुकट, रविवारी बांगडा. महिन्याच्या पगाराला मेंबर पैसे देणार, आई वाण्याचं भागवणार. लिहिता येत नव्हतं म्हणून वही मी लिहायची. हिशेब शिकले तो त्या वहीवर, शाळेत नव्हे.

अशा हजारो बायका गिरणगावात होत्या. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेची दारं उघडून दिली. तिकडे गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली होती, तिचा पुढे लिज्जत झाला. मुंबईच्या अर्थव्यवस्थेवर बोलणारे लोक कापूस, गोदी, शेअरबाजार सांगतात. त्या कापडामागे जेवलेल्या ताटांचा हिशेब कुणी धरत नाही. गिरणीमालकाला कामगार इतका स्वस्त मिळत होता, कारण त्याची म्हातारी माणसं आणि पोरं कोकणातलं शेत पोसत होतं आणि त्याला स्वतःला चाळीतल्या चुली.

१९८१ची गणना मला स्पष्ट आठवते. मास्तर आले, वडिलांना विचारलं, "बायको काय काम करते?" वडील म्हणाले, "काही नाही, घरीच असते." आई तेव्हा त्यांच्या पाठीशी भाकरी थापत होती. दिवसाची सत्तर-ऐंशीतली कितवीतरी. मास्तरांनी 'घरकाम' लिहिलं आणि चहा पिऊन गेले. चहाही तिनेच केलेला.

पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ला, डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर गिरण्यांचा संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर आले. सुरुवातीला सणासारखं वाटत होतं. बरेचसे मेंबर गावाला गेले, जाऊन येतो म्हणाले. राहिलेले जेवत राहिले. पैसे पुढल्या महिन्याला, मग त्याच्या पुढल्या. वही भरली. दुसरी वही आणली. आईने कुणाला 'येऊ नका' म्हटलं नाही. संप इतके दिवस टिकला कसा, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यात गावाकडच्या तांदळाची पोती आहेत आणि वर्गण्या आहेत. मला त्यात त्या दोन वह्या घालाव्याशा वाटतात. संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वहीही कधी मिटली नाही. आई गेली तेव्हा ती ट्रंकेत मिळाली. सात मेंबरांची नावं खोडायची राहिली होती.

वडिलांना परत कामावर घेतलं नाही. मी नुकती शाळेत लागले होते, माझ्या पगारावर घर चाललं. पुढची चाळीस वर्षं आमच्या आळीतल्या कितीतरी घरात हेच झालं: बाप घरी बसला, पोरगी शिक्षिका, नर्स, टायपिस्ट झाली. गिरणगावच्या संपाने मुलींना नोकरीला लावलं, असं म्हटलं तर वडीलधारे रागावतील. पण झालं खरं.

मग जमिनीची गोष्ट. ५८ गिरण्या, त्यांच्या पोटात सुमारे ६०० एकर जमीन, तीही शहराच्या ऐन मध्यावर. १९९१च्या नियमात ठरलं की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेली मालकाला. २००१मध्ये नियमात दुरुस्ती झाली: वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्याची. गिरणीच्या आवारात मोकळं असतं किती? खाती, गोदामं, चिमणी, हौद. एका शब्दाच्या फिरवाफिरवीत शहराची बाग आणि कामगारांची घरं गेली. या दुरुस्तीविरुद्धचा दावा हायकोर्टात एकदा जिंकला, २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. उंच इमारती आल्या, मॉल आले, काचेच्या कचेऱ्या आल्या. त्या कचेऱ्यांत पूर्वीपेक्षा जास्त पैसा तयार होतो, यात शंका नाही. फक्त तो तयार करणारी माणसं आता तिथे निजत नाहीत. म्हणून मुंबई शहर आटलं. चाळ पाडून टॉवर उभा राहिला की मजले वाढतात, माणसं वाढतातच असं नाही.

आमची खोली पागडीची होती. १९४७च्या भाडेकायद्याने गोठवलेलं भाडं, महिना काही रुपये. वडिलांनंतर भावाने ती सोडली आणि त्या पैशात बदलापूरला दोन खोल्या घेतल्या. कुणी फसवलं नाही, कुणी हाकललं नाही. पोरं मोठी झाली, दहा बाय बारात दोन सुना मावेनात, एवढंच. 'मराठी माणसाला मुंबईतून हुसकलं' असं सभांमधून ऐकते तेव्हा मला भावाचा चेहरा आठवतो. बदलापूरच्या बाल्कनीत पहिल्या दिवशी तो खुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा पाय पसरून बसलोय." दुसऱ्या दिवशी सकाळी पाच बावीसच्या गाडीला लटकला.

२०११च्या पत्रकात एक बारकावा होता: कामाचं ठिकाण घरापासून किती किलोमीटर, आणि कशाने जाता? पत्रक बनवणारे दिल्लीचे असावेत. मुंबईच्या आसपास अंतर किलोमीटरमध्ये कोण सांगतो! "किती लांब?" विचारलं की उत्तर येतं, "स्लो ने सव्वा तास, फास्टने पन्नास मिनिटं, दादरला बदलायची." माझं स्वतःचं अंतर चाळीसेक किलोमीटर. सासूबाईंनी त्या बाईला काय सांगितलं असेल कोण जाणे. त्यांच्या हिशेबात मी सकाळी सहाला जाते आणि रात्री आठला येते, तेवढं लांब.

कोविडच्या आधी उपनगरी गाड्यांतून रोज ७५ लाखांच्या आसपास प्रवास होत होता. आमच्या बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, पोथ्या वाचल्या जातात, भिशी चालते, दसऱ्याला डबा सजतो. बाहेरच्यांना हे फार गोड वाटतं. गोड काही नाही, घरी वेळ मिळत नाही म्हणून मेथी गाडीत निवडायची. दाराशी उभ्या असलेल्या मुलींचं तर विचारूच नका. २०२५च्या जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर भरल्या गाड्यांच्या दारातून माणसं खाली पडली, काही गेली. त्यांनी त्या दिवशी शहराच्या उत्पन्नात भर घालायची होती.

हे उत्पन्न कुठे मोजतात, याचीही गंमत आहे. देशातल्या प्राप्तिकराचा केवढा तरी हिस्सा एकटी मुंबई भरते, म्हणून आपण छाती फुगवतो. पण जमशेदपूरच्या भट्टीत पोलाद वितळतं आणि कंपनीची कचेरी फोर्टात बॉम्बे हाउसला. जामनगरला तेल शुद्ध होतं आणि मुख्यालय नरिमन पॉइंटला. म्हणून हिशेब मुंबईच्या खात्यावर. म्हणजे पैसा जिथे कचेरी असते तिथे मोजला जातो, आणि माणूस जिथे निजतो तिथे. जमशेदपूरच्या घामाचा पैसा मुंबईत मोजला जातो आणि मुंबईतल्या घामाचा माणूस बदलापुरात. माझ्या लालबागच्या म्हातारीला हे समजावायला गेले असते तर तिने कप हिसकावून घेतला असता.

नीती आयोगाने २०२४मध्ये मुंबई महानगर प्रदेशाचं उत्पन्न १४० अब्ज डॉलरवरून २०३०पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर न्यायचा आराखडा मांडला. बरं झालं, निदान 'प्रदेश' तरी म्हटलं. या प्रदेशात नऊ महापालिका आहेत. त्यातल्या एकीचं, मुंबईचं, २०२५-२६चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं, गोवा राज्याच्या दुपटीहून जास्त. आणि आम्ही बाकीचे आठ ठिकाणचे लोक, दिवसभर त्या श्रीमंत शहराचे रस्ते झिजवतो आणि रात्री आपापल्या गरीब नगरपालिकेच्या खड्ड्यात पाय घालत घरी जातो. २०१७च्या १ जुलैपर्यंत मुंबईत शिरणाऱ्या मालावर जकात होती. मुलुंडच्या नाक्यावर ट्रकच्या रांगा लागायच्या. माणसांवर तेवढी जकात कधी नव्हती. ती लोकलने फुकट आत येत होती आणि रोज संध्याकाळी फुकट परत पाठवता येत होती.

पाण्याचंही थोडक्यात सांगते, कारण माझी मावसबहीण शहापूर तालुक्यात दिलेली आहे. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी जातं. त्यातलं बहुतेक भातसा, तानसा, वैतरणेचं, म्हणजे तिच्या तालुक्याच्या आसपासचं. एप्रिलमध्ये तिच्या पाड्यावर टँकर येतो. मुंबईच्या माणशी पाण्याचा हिशेब लावताना तिचं डोकं कुठल्याच रकान्यात येत नाही.

लालबागच्या त्या चाळीत मी बायकांना कामाचा प्रश्न दोनदा विचारला. प्रशिक्षणातही सांगितलंच होतं की बायकांना खोदून विचारा, पण माझं कारण वेगळं होतं. पहिल्यांदा उत्तर यायचं, "काही नाही, घरीच." मग मी नजर फिरवायची. कोपऱ्यात राख्यांचे गठ्ठे, इमिटेशनच्या माळा, शर्टांना लावायच्या बटणांची पिशवी, डब्यांच्या उतरंडीवर नावं लिहिलेल्या पट्ट्या. "हे काय?" "हे ना? हे असंच, वेळ जातो." वेळ जातो, आणि महिन्याचे दोन-अडीच हजारही येतात. मी 'काम' लिहिलं. माझ्या गटातल्या कामकरी बायकांचा आकडा आसपासच्या गटांपेक्षा बराच वर गेला. पर्यवेक्षक सरांनी विचारलं, "बाई, तुमच्याकडेच एवढ्या कशा?" म्हटलं, "माझ्याकडे चष्मा आहे."

स्थलांतराच्या कारणातही तसंच. पुरुष आले 'कामासाठी'. बायका आल्या 'लग्नामुळे'. पर्यायच तसे. माझी आई लग्नामुळे आली आणि चौदा माणसांना जेवू घालत राहिली. मी लग्नामुळे डोंबिवलीला गेले आणि तीस वर्षं रोज उलट दिशेने कामाला येत राहिले. कारणांच्या रकान्यात एकच चौकट भरता येते.

आता २०२७च्या फेब्रुवारीत पुन्हा मोजणी आहे. सोळा वर्षांनी. या वेळी सगळं फोनवर, आणि लोकांना स्वतःची माहिती स्वतःच भरायचीही सोय आहे म्हणतात. मी २०१६मध्येच निवृत्त झाले, मला कुणी बोलावणार नाही. भाचा बदलापूरहून ऐरोलीला एका कंपनीत जातो, दोन दिवस घरून काम करतो, तीन दिवस जातो. सून पुण्याच्या कंपनीत आहे आणि घर सोडत नाही. त्या दोघांना कुठे मोजायचं ते त्यांचं ते बघतील. माझ्या डोळ्यांपुढे मात्र अजून २८ फेब्रुवारी २०११ची रात्र आहे.

त्या रात्री बेघरांची मोजणी. जवळजवळ सगळ्या देशात एकाच रात्री, कारण एक मार्चचा सूर्य उगवायच्या आत हिशेब मिटवायचा. आम्ही चार शिक्षिका, पर्यवेक्षक सर, दोन हवालदार, तीन बॅटऱ्या. परळच्या मोठ्या रुग्णालयांच्या बाहेरच्या फुटपाथवरून सुरुवात केली. प्लास्टिकच्या कापडाखाली माणसांची रांग. पहिल्याच कुटुंबाला विचारलं, घर आहे का? बाई म्हणाली, आहे ना, जौनपूरला, पक्कं आहे. नवऱ्याला केमो चालू, पाच महिने झाले. पाच महिने फुटपाथवर निजणाऱ्या या बाईला बेघर लिहायचं की नाही? तिला स्वतःला ते लिहून घ्यायचं नव्हतं. "हम बेघर नहीं हैं, मैडम," ती दोनदा म्हणाली. सर आणि मी हातात पुस्तिका धरून बॅटरीच्या उजेडात नियम शोधत राहिलो.

पुढे हातगाड्यांवर निजलेले हमाल. त्यातल्या एकाने झोपेतच नाव, गाव, वय, सगळं न चुकता सांगितलं आणि कूस बदलली. टॅक्सीत निजलेले दोघे. त्यांची खोली कुर्ल्याला, तिथे आज दुसऱ्यांची पाळी. मला आजोबांची वळकटी आठवली. एक म्हातारा कुठलंच उत्तर देईना, नुसता हसत होता. त्याचं नाव आम्ही 'नाव सांगत नाही' असं लिहिलं.

पहाटे तीनच्या सुमाराला एका नव्या टॉवरच्या फाटकाशी आलो. इथे पूर्वी वडिलांचं साचा खातं होतं. पत्र्याच्या कुंपणातून चिमणी तेवढी दिसत होती, ती ठेवली होती शोभेला. वरचे मजले अंधारात होते, अजून कुणी राहायला आलं नव्हतं. फाटकात प्लास्टिकच्या खुर्चीवर पहारेकरी निजला होता, काठी मांडीवर आडवी, डोक्यावरून मफलर. साधारण पन्नाशीचा. मी सवयीने पुठ्ठा पुढे घेतला, पेनचं टोपण काढलं आणि त्याला हाक मारणार, तर सरांनी माझा हात धरला.

"बाई, त्याला सोडा," ते हळूच म्हणाले. "तो कामावर आहे."